चार तळहात आणि एक पाट

काकांनी मला खोली दाखवण्याआधी माझे बूट उलटे करून पाहिले होते.

परदेशात, शॉमबर्गला नोकरी लागली तेव्हा मी नागपूरहून नुकतीच आलेली. थंडी म्हणजे स्वेटर, एवढीच माझी समज. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की एक मराठी जोडपं घराचं बेसमेंट भाड्यानं देतं, म्हणून बघायला गेले. दारात कानटोपी घातलेले, उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. मी बूट काढले आणि नमस्कार केला. नमस्काराला उत्तर द्यायचं सोडून त्यांनी वाकून त्यातला एक बूट उचलला, तळ वर केला, अंगठ्यानं रबर दाबलं आणि म्हणाले, "पोरी, जानेवारीत तू पडणार."

"काका, मी खोली बघायला आलेय."

"खोली कुठं पळून जात नाही. तळ आधी."

जानेवारीत मी पडले. त्यांच्याच दारात, टपालपेटीपाशी. काका खिडकीतून बघत होते, ते धावत आले, मला हात देऊन उठवलं आणि उठवता उठवता पुन्हा माझे बूट तपासले. "बघ, मी म्हणालो नव्हतो?" असं ते म्हणाले नाहीत, हे त्यांचे उपकार. पण चेहऱ्यावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. संध्याकाळी काकूंनी हळद घातलेलं दूध खाली पाठवलं आणि काकांनी नव्या बुटांचा पत्ता.

तिथल्या मराठी मंडळात त्यांना सगळे टायरकाका म्हणत. पाठीमागेही आणि तोंडावरही. काकांना त्याचं वाईट वाटत नसे. गणपतीत आरती सुरू झाली की हे गृहस्थ गुपचूप बाहेर सटकत आणि पार्किंगमध्ये एकेका गाडीपाशी उकिडवे बसत. खिशात एक जुनी पावली असे, सांगलीहून कधीतरी आलेली. ती टायरच्या खाचेत खुपसून खाच किती खोल उरलीय ते बघत. झिजलेला टायर दिसला की आत येऊन, प्रसादाची रांग मोडून, त्या मालकाला गाठत. "तुमच्या दोन लेकरांचा जीव त्या टायरवर आहे साहेब. घ्या, मोदक घ्या." त्या माणसाच्या हातातला मोदक मग हातातच राहायचा.

"गाडी इंजिनावर चालते हा लोकांचा गैरसमज आहे," ते म्हणत. "गाडी चालते चार तळहातांवर. एका टायरचा रस्त्याला टेकतो तो भाग केवढा? एवढा." आणि आपला लांबसडक हात टेबलावर पालथा ठेवत. "बाकीची गाडी नुसती शोभेची."

हे सगळं ऐकून मला वाटायचं की हा माणूस टायर तपासतच जन्माला आला असणार. खरी गोष्ट काकूंनी सांगितली, एकदा मेथी निवडता निवडता. तीस वर्षं काकांचं मत अगदी उलट होतं. हिवाळ्याचे वेगळे टायर ही दुकानदारांनी काढलेली टूम आहे, असं ते चारचौघांत ठणकावून सांगत. टायरवर 'ऑल सीझन' लिहिलंय ना? मग हिवाळा काय सीझन नाही? मशीन बनवणाऱ्या कंपनीत आयुष्य गेलेला माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार?

मी तिथं राहायला जायच्या आदल्या हिवाळ्यात दोघं कुणाकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू आटपून घरी येत होती. घराजवळ एक तळं आहे, त्याला लागून रस्ता वळतो. त्या वळणावर गाडीनं स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि ती शांतपणे खड्ड्यात उतरली. कुणाला काही लागलं नाही. काकूंच्या मांडीवरचा तिळगूळ मात्र गाडीभर उधळला. ओढून नेणारी गाडी येईपर्यंत दोघं तशीच तिरकी बसून राहिली.

"मी ओरडले नाही हो," काकू म्हणाल्या. "यांच्याकडे बघितलं तर यांचे हात थरथरत होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग म्हटलं, बाई गं, आता पुरे."

घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं की बर्फ पडला की मी तुमच्या गाडीत बसणार नाही. ना तुमच्या, ना दुसऱ्या कुणाच्या. रागानं नव्हे, भाजी संपलीय हे सांगावं तितक्या साधेपणानं. आणि काकूंचा साधेपणा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शनिवारी सकाळी त्या मंडळाच्या शाळेत मुलांना मराठी शिकवत, ते हिवाळ्यात बंद झालं. झूमवर शिकवून पाहिलं, तर पोरं कॅमेरे बंद करून आपल्या उद्योगाला लागायची. 'अ अननसाचा' एका काळ्या चौकोनाला किती वेळ सांगणार? मी तिथं काढलेल्या पहिल्या हिवाळ्यात काकू नोव्हेंबर ते मार्च घरातच होत्या. भाजी मी आणत असे. खिडकीपाशी बसून त्या रस्त्यावरच्या गाड्या बघायच्या, आणि कधी कधी मलाच वर बोलावून 'वाच बघू' म्हणत पुस्तक पुढ्यात ठेवायच्या. मला फार वाईट वाटायचं.

त्यांची मुलगी हर्नडनला असते, व्हर्जिनियात. इथंच जन्मलेली, वकील आहे. तिनं त्या मार्चमध्ये फोनवर निकाल दिला. "बाबा, वन मोअर विंटर. आई पुन्हा अशी घरात लॉक होऊन बसली, तर स्प्रिंगमध्ये आपण घर सेल करतोय. तुम्ही दोघं माझ्याकडे येताय. धिस इज नॉट अ डिस्कशन."

काका फोनवर "हो बेटा" म्हणाले. म्हणजे आता घर राहणार की जाणार हे एकाच गोष्टीवर ठरणार होतं, काकू बर्फात पुन्हा गाडीत बसतात की नाही. आणि काकांनी ती गाडी वर्षभरापूर्वीच मागवून ठेवली होती.

गाडी म्हणजे ट्रक. विजेवर चालणारा, चारही चाकांना जोर असलेला, भला मोठा पिकअप ट्रक. या वयात लोक मोठी गाडी विकून लहान घेतात. मी तसं म्हटलं, तर काकांनी मला समोर बसवून समजावलं. याची बॅटरी असते तळाशी, म्हणजे सगळं वजन पोटात, म्हणजे गाडी जमीन सोडत नाही. ती आधीच गरम करून ठेवता येते, म्हणजे काकूंचे गुडघे आखडत नाहीत. "मी सगळा विचार केलाय," ते म्हणाले. हे वाक्य पुढे आम्हाला फार आठवलं.

ट्रक दिवाळीला येणार होता. मग नाताळला. मग उन्हाळ्यात. दर थोड्या दिवसांनी कंपनीची ईमेल यायची आणि काका ती चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवायचे, लग्नघरात पत्र वाचावं तशी.

"आपल्या पेशन्सबद्दल त्यांनी आभार मानलेत."

"तुमच्या नव्हे, माझ्या," काकू चहा गाळता गाळता म्हणायच्या.

वाट बघायची म्हणून काका काही स्वस्थ बसले नाहीत. गॅरेज रिकामं केलं, भिंतीवर चार्जर बसवून घेतला आणि ट्रक नेमका किती मावतो हे कळावं म्हणून जमिनीवर खडूनं त्याची आकृती काढली. लांबी, रुंदी, आरसे बाहेर किती येतात तेही. चार चाकांच्या जागी चार चौकोन. त्या आकृतीत कुणी पाय ठेवायचा नाही असा हुकूम होता. मी एकदा कपड्यांची बादली घेऊन मधूनच गेले, तर म्हणाले, "बॉनेटवरून चालतेयस." काकूंना मात्र हुकूम लागू नव्हता. त्यांनी आपली घडीची खुर्ची बरोबर बाजूच्या सीटच्या जागी टाकली होती आणि दुपारी तिथं बसून त्या मटार सोलायच्या.

"बसले बघा तुमच्या ट्रकात," त्या म्हणायच्या. "चालवा आता."

काकांचा चेहरा असा काही फुलायचा की मी दुसरीकडे बघायची.

मग टायर. नवा ट्रक कारखान्यातून येताना पायात ऑल सीझनच घालून येणार, आणि तो शब्दसुद्धा आता घरात उच्चारायची सोय नव्हती. काका रोज टायरच्या दुकानात जाऊन बसू लागले. दुकानदार थोराड, गमत्या माणूस होता. काका दिसले की तो आपण होऊन दुसरी खुर्ची मांडायचा. खिळे असलेले टायर आमच्या राज्यात चालत नाहीत, त्यामुळे ते बाद. बर्फाचं फूल आणि डोंगर अशी खूण कोरलेले हवेत, ते खरे हिवाळ्याचे. ट्रक जड, म्हणून टायरही जास्त वजन पेलणारे हवेत. सगळं गाळून तीन नावं उरली आणि तिन्हीवर काकांचा जीव अडकला.

त्याच सुमारास गौरी-गणपती आले. काकूंनी मोदकांसाठी खवलेला नारळ काढायला फ्रीझर उघडला, तर नारळाच्या डब्यावर तीन काळे तुकडे, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. दुकानदाराकडच्या टाकाऊ टायरांतून कापून आणलेले. थंडीत कुठलं रबर मऊ राहतं, याचा काकांचा प्रयोग गेला आठवडाभर चालला होता.

"अहो, नारळाला टायरचा वास लागलाय!"

"कुठल्या टायरचा?" काकांनी उत्सुकतेनं विचारलं.

त्या वर्षी मोदकांचं सारण नव्यानं करावं लागलं. पण टायर ठरला. दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं दाबून पाहिलेला, सगळ्यात मऊ. काकांनी लगेच चारही घेऊन टाकले. वरातीमागून घोडं म्हणतात, इथं घोड्याचा पत्ता नाही आणि नाल घरात. गॅरेजमध्ये खडूचा ट्रक उभा असल्यामुळे टायर दिवाणखान्यात आले, सोफ्याशेजारी एकावर एक रचून. पाहुण्यांचे चहाचे कप त्यांच्यावर ठेवायला बंदी होती. खंडेनवमीला काकूंनी पळी, विळी, काकांचे पाने आणि माझा लॅपटॉप यांच्याबरोबर त्या चारही टायरांची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, साखरेचा नैवेद्य. "बाजारात तुरी," त्या पुटपुटल्या, पण फूल नीट मध्यभागी बसेपर्यंत सरकवत राहिल्या. तेव्हाच मला कळलं की काकूंनाही हर्नडनला जायचं नव्हतं.

ट्रक डिसेंबरात आला. काकांनी तो घरी येऊच दिला नाही, थेट टायरच्या दुकानात उतरवून घेतला. चाकं बदलताना कुंकू पुसू नका असं त्यांनी दुकानदाराला बजावलं आणि त्यानंही ते मनापासून पाळलं. मग ट्रक घरी आला आणि अगदी खडूच्या रेघांत उभा राहिला. काकांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. एक रेघही चुकली नव्हती. काकूंनी औक्षण केलं. बॉनेटला कुंकू लावायला गेल्या तर हात पोचला नाही, म्हणून ते पुढच्या दिव्याच्या काचेखालीच लावलं. तिघांनीही ते पाहिलं, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

पहिला बर्फ पडल्यावर काका मला घेऊन एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गेले. माझ्या हातात काकूंनी दिलेलं स्टीलचं पातेलं होतं, काठोकाठ ताकानं भरलेलं, वर झाकण नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण ताक घेऊन बर्फात घसरायला जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. काका वेग घेत, वळवत, ब्रेक दाबत, आणि प्रत्येक वेळी विचारत, "सांडलं?"

"नाही, काका."

"खरं सांग. काकूंना काय सांगशील?"

"हेच. पण आता हात दुखताहेत हो."

शेवटी त्यांनी ट्रक थांबवला, माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि तिथंच बसून घटाघट अर्धं ताक पिऊन टाकलं. इतका आनंदी माणूस मी त्या हिवाळ्यात दुसरा पाहिला नाही.

शनिवारी सकाळी आकाश स्वच्छ होतं आणि रस्ताभर ताजा बर्फ. काकू आठवडाभर तयारी करत होत्या. पुठ्ठ्याची अक्षरं कापली होती, पोरांसाठी तिळाचे लाडू केले होते. जाड कोट, बूट, हातात पिशवी, अशा त्या बाहेर आल्या. काकांनी अगदी वाकून दार उघडलं.

सीट काकूंच्या कमरेच्याही वर येत होती.

त्यांनी एक पाय वर घ्यायचा प्रयत्न केला. गुडघा वळेना. दुसऱ्या पायानं करून पाहिलं. काकांनी कोपराला धरलं, मी मागून आधार दिला. "नको, नको, पडेन," त्या म्हणाल्या आणि आवाज तोच होता, तळ्याकाठच्या त्या दिवसाबद्दल सांगतानाचा. मग त्यांनी ट्रकच्या दारावर हात फिरवला. "गाडी छान आहे हो," म्हणाल्या आणि पिशवी घेऊन आत गेल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका गॅरेजमध्ये जाऊन खडूच्या रेघांकडे बघत उभे राहिले.

"लांबी घेतली," ते म्हणाले. "रुंदी घेतली. आरसे घेतले. उंची नाही घेतली गं. जन्मभर मापंच घेतली मी, आणि हिची उंची नाही घेतली."

दाराखाली बसवायच्या पायरीसाठी त्यांनी कंपनीला फोन केला. पायरीचीही वाट बघावी लागणार होती, हिवाळा सरेपर्यंत. त्यांनी फोन ठेवला आणि मुलीला फोन लावला. "बेटा, स्प्रिंगमध्ये ये. घराचं बघू या." पलीकडून ती काही बोलली असावी, कारण ते "नाही, नाही, आईची काही चूक नाही," असं दोनदा म्हणाले. स्वयंपाकघरात काकूंचं लाटणं थांबलं होतं.

नंतर मी गॅरेजमध्ये गेले तर काका ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसलेले, खडूची आकृती पुसत होते. बॉनेट पुसून झालं होतं. माझा जीव तुटला. तेवढ्यात मागून काकू आल्या. त्यांच्या बगलेत एक वीतभर उंच पाट होता.

"पुसू नका ते," त्या म्हणाल्या. "मग मी मटार सोलायला कुठं बसू?"

काकांनी पाटाकडे पाहिलं.

"देवाचा नाही, माझा आहे. चकल्या करताना बसायचा. चला, उठा. तुम्हाला कंपनीची पायरी सुचली. मला घरातली."

आम्ही बाहेर गेलो. काकूंनी पाट बर्फावर ठेवला, त्यावर पाय दिला, आणि पाट सुर्रकन सरकला. त्यांनी दार घट्ट धरलं म्हणून वाचल्या. मी मनात म्हटलं, संपलं. काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. पण काका वाकले, पाट उचलला, उलटा केला आणि खालची बाजू अंगठ्यानं दाबून पाहिली.

"तळ गुळगुळीत आहे," ते म्हणाले. आणि कानटोपीही न घालता, पाट बगलेत मारून, थेट टायरच्या दुकानाकडे निघाले.

ते परत आले तेव्हा पाटाच्या चारही कोपऱ्यांना खालून टायरचे तुकडे बसवलेले होते, स्क्रू आत बुडवून, बर्फाचं फूल बाहेरच्या बाजूला दिसेल असे. दुकानदारानं हिवाळ्याच्या टायरचा चांगला तुकडा कापून दिला होता आणि काकूंसाठी निरोपही, की आजवर त्यानं बसवलेल्या टायरांत हे सगळ्यात चांगले. काकांनी पाट बर्फावर ठेवला, त्यावर स्वतः उभे राहिले, उड्या मारल्या. पाट हलला नाही.

"चार तळहात," ते म्हणाले.

"आणि हा पाचवा," असं म्हणून काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पाटावर पाय दिला आणि त्या वर चढून बसल्या.

पुढच्या शनिवारी शाळेला निघालो तेव्हा मागच्या सीटवर मी होते, मांडीवर लाडवांचा डबा. कोपऱ्यावर काकांनी मोठ्या रस्त्याकडे वळायचा दिवा लावला.

"तिकडून नको," काकू म्हणाल्या. "तळ्याकडून घ्या."

"अगं, लांब पडेल."

"पडू दे."

काकांनी दिवा बंद केला. वळण आलं. काकूंनी एका हातानं दारावरची मूठ धरली होती, डोळे मिटले होते, आणि काकांचे दोन्ही हात चाकावर होते. थरथरत नव्हते. ट्रक हळू वळला, नीट वळला, तळं मागे गेलं. काकूंनी डोळे उघडले.

"आता पोरीला फोन लावा," त्या म्हणाल्या.

गाडीतच फोन वाजला, मुलीचा आवाज सगळीकडून आला. "आई? व्हेअर आर यू? आर यू इन दॅट थिंग?"

"हो. शाळेत चाललेय. तू घर विकायला येऊ नकोस. यायचं असेल तर मोदक खायला ये." मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "अगं, आणि हे किती उंच आहे म्हणून सांगू! लोकांच्या कुंपणापलीकडचंसुद्धा सगळं दिसतं."

पलीकडे मुलगी हसली की रडली, मला कळलं नाही. काका समोरच्या रस्त्याकडे बघत होते आणि नाक ओढत होते.

आता मी दुसऱ्या शहरात असते. त्या दोघांचं घर अजून तिथंच आहे. पहिला बर्फ पडला की काकांचा फोटो येतो, दरवर्षी एकच. फोटोत ट्रकचं उघडं दार, बर्फात ठेवलेला पाट आणि पाटावर काकूंचे बूट. खाली काही लिहिलेलं नसतं. त्या सकाळी शाळेपाशी पोचलो तेव्हाही असंच झालं होतं. काका आधी उतरले, वळसा घालून आले, पाट ठेवला, आणि काकूंनी पाय खाली टाकायच्या आधी त्याच्यावरचा भुरभुरीत बर्फ स्वतःच्या मफलरनं पुसून काढला.